नवशिक्याची दारू

रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलाशी बसून लेक नखांवरचा जुना रंग कापसाने पुसत होती आणि त्या द्रवाचा थंड, नाकात किंचित चढणारा वास स्वयंपाकघरभर पसरला होता. मी फोडणीसाठी तेल तापत ठेवलं होतं. हातात मोहरीचा डबा धरून मी तशीच उभी राहिले. "आई, व्हॉट? यू आर स्टेअरिंग," ती म्हणाली. तिला काय सांगणार? बंदुकीच्या दारूचा नवा डबा उघडला की थेट असाच वास येतो. आपल्या मनात दारूचा वास म्हणजे फटाक्यांचा, गंधकाचा, जळका. पण आजकालच्या बिनधुराच्या दारूला, ती नीट राखलेली असेल तर, असा स्वच्छ, औषधी वास असतो. आंबट झोंबायला लागला की दारू बिघडली, टाकून द्यायची. हे मला शिकवलं आमच्या शेजारच्या बाईंनी. त्या वासाबरोबर त्या आठवतात. आणि त्यांच्या मागोमाग, मी न बोलावता, माझ्या नवऱ्याचे एक मित्रही आठवतात.

अमेरिकेत ईडन प्रेरी या गावात आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढे होत्या. विधवा, एकट्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. त्यामुळे आवाज असा की रस्त्यापलीकडचा कुत्रासुद्धा बसे. सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. मीही मारी, पण मनातल्या मनात त्यांना आजी जोडल्याशिवाय मला चैन पडत नसे. एका एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचं शेवटचं काळपट बर्फ वितळत असताना, त्या त्यांच्या गाडीशी एक जड पिशवी उचलू बघत होत्या आणि दुखरा खांदा काही ती उचलू देत नव्हता. मी पिशवी गाडीत ठेवली आणि कुठे जायचंय विचारलं, तर म्हणाल्या, "नेम धरायला." मला वाटलं काही आध्यात्मिक असेल. गाडी मी चालवली. गावाबाहेर, खडीच्या रस्त्याच्या टोकाला एक नेमबाजीचं मैदान होतं, आणि पिशवीत एक जुनं रिव्हॉल्वर, कागदी चकत्या आणि घरी भरलेली काडतुसं होती.

त्या दिवशी त्यांनी मलाही सहा गोळ्या झाडायला दिल्या. पाच मातीच्या बांधात गेल्या, सहावी कागदाच्या कोपऱ्याला लागली. पण चाप ओढायच्या आधीच्या त्या एका क्षणात माझ्या डोक्यात ना ऑफिसची मीटिंग होती, ना नागपूरला एकटी राहणारी आई, ना ग्रीनकार्डच्या रांगेत घालवलेली वर्षं. एक काळा ठिपका होता आणि माझा श्वास होता. असा रिकामा क्षण मला किती वर्षांत मिळाला नव्हता ते मिळाल्यावर कळलं. मी परत गेले, पुन्हा गेले, पुढच्या वर्षी स्वतःचं रिव्हॉल्वर घेतलं. मग काडतुसं भरायला शिकायचं ठरवलं. त्यात मोठी विद्या अशी काही नाही. झाडलेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं साफ करायचं, बुडाशी ठिणगीची टिकली बसवायची, आत मापाने दारू घालायची, वर शिशाची गोळी दाबायची. चार पायऱ्या. तिसरीवर माणसं मरतात.

आता ते गृहस्थ. नवऱ्याचे कॉलेजमधले मित्र, पुण्याचे, आता आमच्यापासून वीस मिनिटांवर. मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी म्हणते, आणि एवढ्या दोन शब्दांच्या आडोशाने त्यांनी मला वीस वर्षं अक्कल शिकवली आहे. घराचं छप्पर, बिर्याणीचा दम, मुलांची कॉलेजं, गुडघ्याचं ऑपरेशन, कशालाच त्यांची ना नव्हती. तीन व्हिडिओ बघितले की त्या विषयातला शेवटचा शब्द त्यांच्याकडे येई आणि मग तो आपल्याकडे येई, पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणात, ताट हातात असताना, जेव्हा आपल्याला पळताही येत नाही. लोक त्यांना हुशार म्हणत. माझं निरीक्षण असं की ते कधी एखादी गोष्ट शिकत नसत. ती त्यांना आधीपासून येतच असे, फक्त सामान आणायचं राहिलेलं असे.

मी काडतुसं भरणार आहे हे नवऱ्याने एका शनिवारी भाऊजींकडच्या जेवणात सांगून टाकलं. भाऊजींनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. योगायोग असा की वर्षभरापूर्वी त्यांनीही रिव्हॉल्वर घेतलं होतं आणि काडतुसं भरायचं यंत्रही, तेही चक्राकार, एक दांडा खाली ओढला की चारही कामं एकदम उरकणारं.

"वहिनी, दारू कोणती घेणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून ठरलं नाही, शेजारच्या बाई बघून देणार आहेत.

"त्या बस चालवायच्या ना?" एवढं म्हणून ते थोडं थांबले, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना त्यावर पुरेसं हसता यावं म्हणून. मग व्याख्यान सुरू झालं. बारीक दाण्याची, झटकन जळणारी दारू घ्यायची. चिमूटभर लागते. एका डब्यात इतरांपेक्षा कितीतरी जास्त काडतुसं भरतात. "सगळे एक्सपर्ट हेच वापरतात. सिंपल एफिशियन्सी आहे, वहिनी."

नवरा माझ्याकडे न बघता पुरी मोडत राहिला. घरी परतताना गाडीत म्हणाला, "जाऊ दे ना यार, त्याला बोलायला आवडतं." मला माणसाला बोलायला आवडण्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मला इतकंच म्हणायचं होतं की नळकांड्याच्या तळाशी दिसेल न दिसेल अशी चिमूट, ती पडली आहे की दोनदा पडली आहे हे कळणार कसं, हा पहिला प्रश्न माझ्यासारख्या अडाण्यालाही सुचला होता.

पुढच्या आठवड्यात बाईंबरोबर दुकानात गेले. फडताळभर डबे: कुठे दारूचे दाणे खसखशीसारखे, कुठे बारीक चकत्या, कुठे छोट्या कांड्या. मी सगळ्यांची नावं वाचत होते, कपाटातल्या साड्या बघाव्यात तशी, आणि बाई माझ्याकडे कंटाळलेल्या नजरेने बघत होत्या. मी भाऊजींचा सल्ला सांगितला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "दारू ती चांगलीच आहे. ज्याला कधी फोन येत नाही, खोकला येत नाही, दारावरची बेल वाजत नाही, अशा माणसासाठी." मग त्यांनी फुगीर, हलक्या चकत्यांच्या दारूचा डबा उचलून माझ्या हातात दिला. "तू चुकणार आहेस. मी चाळीस वर्षं भरते आहे, मी चुकते. तेव्हा चुकलीस की दिसेल अशी दारू घे."

घरी, तळघरातल्या त्यांच्या बाकावर, त्यांनी ते करून दाखवलं. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात रिकामी नळकांडी ओळीने उभी केली. पुस्तक उघडून माप वाचलं, ते माप काट्यावर तोललं आणि एका नळकांड्यात ओतलं. दारूने निम्म्याहून जास्त जागा भरली; विजेरी धरताच ती वर आलेली दिसली. मग तेच माप त्याच नळकांड्यात पुन्हा ओतलं. चकत्या काठावरून ओसंडून ठोकळ्यावर सांडल्या. "झालं," बाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी ही घ्यायची. थोडी जास्त लागते, थोडी मळते, हात काळे होतात. नवशिक्याला बाकी गुण बघायचे नसतात." मला त्या वाक्यातलं नवशिक्या कमीपणाचं वाटलं नाही. त्या ते स्वतःसकट म्हणत होत्या.

भाऊजींनी माझा डबा बघितला तेव्हा त्याला नाव ठेवलं, "आजीबाईंचा भुसा." मी हसले. मला त्यांचं हसू यायला लागलं होतं, आणि ते हसू मी कडू औषधातल्या साखरेसारखं जपून वापरत होते.

सप्टेंबरातल्या एका लख्ख सकाळी आम्ही चौघं मैदानावर गेलो. नवरा पहिल्यांदाच येत होता, भाऊजींच्या आग्रहाखातर. भाऊजींनी स्वतः भरलेल्या काडतुसांची पारदर्शक पेटी आणली होती, पन्नास चकचकीत काडतुसं, सगळी अगदी एकसारखी. बाईंनी ती दुरून बघितली आणि विचारलं, प्रत्येकात डोकावून पाहिलं होतं का. "मशीन इज व्हेरी कन्सिस्टंट," भाऊजी म्हणाले. बाईंनी मला आणि नवऱ्याला दंडाला धरून चार पावलं मागे नेलं. ते मागे नेणं मला तेव्हा म्हातारपणाचा लहरीपणा वाटला.

पहिली काडतुसं नीट झडली. मग एक आवाज आला जो आधीच्या आवाजांच्या जातीचाच नव्हता. सपाट, मोठा, छातीत लागणारा. भाऊजी उभेच होते. त्यांच्या हातातल्या रिव्हॉल्वरची वरची पट्टी उचकटून वाकली होती आणि सहा घरांच्या चक्राचा जवळजवळ अर्धा भाग जागेवर नव्हता. अंगठ्याच्या मुळाशी मांस उघडं पडलं होतं, कपाळावरून रक्ताची एक रेघ चष्म्यावर उतरत होती. डोळे त्या चष्म्यानेच वाचले. ते हाताकडे बघून म्हणाले, "अरे, हे काय झालं?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला खरा प्रश्न.

बाईंनी टॉवेल गुंडाळला, हात वर धरायला लावला, आणि नवरा त्यांना घेऊन हॉस्पिटलला गेला. मग बाई उरलेली काडतुसं घरी घेऊन आल्या. तळघरात बसून आम्ही ती एकेक उघडली, आतली दारू तोलली. त्या दिवसाचं बाकी काही मला इतकं स्पष्ट आठवत नाही जितकं ते एक काडतूस आठवतं: बाकी सगळ्यांत एक चिमूट, त्यात दोन. जे फुटलं तेही असंच असणार. दांडा कुठेतरी अडकला असेल, भाऊजींनी तो पुन्हा ओढला असेल, आणि नळकांडं पोटात दुप्पट दारू घेऊन निमूट पुढे गेलं असेल. बाहेरून ते बाकीच्यांसारखंच चकचकीत होतं.

अंगठ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो पुरता वाकायचा राहिला तो राहिलाच. मी डबे नेले, वरण-भात नेला, वहिनी म्हणून जे करायचं ते सगळं केलं. पण दिवाळीच्या पॉटलकमध्ये मी त्यांना सांगताना ऐकलं, "दारूचा लॉट डिफेक्टिव्ह होता. कंपनीला लिहिलंय मी." हातावरची पट्टी अजून निघाली नव्हती. तळघरात आम्ही काय तोललं ते नवऱ्याने त्यांना फोनवर सांगितलं होतं. ते तरीही बोलले, आणि मंडळी हळहळली. सगळा हिवाळा मी त्यांच्याबद्दलची तुच्छता उबदार शालीसारखी पांघरून फिरले. मला मान्य करायला हवं, ती फार सुखाची होती. एखाद्या माणसाबद्दल वीस वर्षं जे मनात होतं ते असं पुराव्यानिशी सिद्ध व्हावं, याहून गोड काही नसतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी आमच्या तळघरात काडतुसं भरत बसले होते. पन्नास नळकांडी ठोकळ्यात उभी. निम्मी भरून झाली असतील, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन काडतुसांपासून दूर ठेवायचा हा बाईंचा नियम होता. मी तो घ्यायला उठले म्हणजे नियम पाळलाच, असं मी स्वतःला सांगितलं. आईची गुडघेदुखी, कामवाल्या बाईंची रजा, मावशीच्या नातवाचं लग्न. परत येऊन बसले, माप भरलं, ओतलं. आणि चकत्या काठावरून खाली आल्या. करड्या, चपट्या, अगदी हलक्या. ठोकळ्यावर, बाकावर, माझ्या स्वेटरच्या बाहीवर.

मी डोकावून बघितलं नव्हतं. भरलेली रांग कुठे संपते ते मला माहीत आहे असं मी गृहीत धरलं होतं. हात इतका खात्रीने पुढे गेला होता. त्या क्षणी माझ्यात आणि त्या गृहस्थांमध्ये अकलेचा, नम्रतेचा, कशाचाच फरक नव्हता. फरक होता तो एका म्हातारीने फडताळावरून उचलून दिलेल्या डब्याचा. तीही निवड माझी नव्हती. मी तेवढ्यापुरती त्यांच्याइतकीच मूर्ख होते, आणि मूर्खपणा करतानाही मी त्यांना हसत होते.

बाईंना सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "दिसलं ना?" मी म्हटलं, दिसलं. "मग बाक झाडून घे," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळल्या. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांची लेक त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेली, आणि तिथे एका वसंतात त्या गेल्या. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या तळघरात ट्रेडमिल आहे.

भाऊजी गेल्या वर्षी एका दुपारी एकटे आले. नवरा घरी नव्हता, ते त्यांना माहीत होतं. चहा घेतला, हवामानावर बोलले, मग म्हणाले, "वहिनी, तिकडे ट्रॉय गावात माझा एक मित्र आहे. तो भरायला सुरुवात करतोय. नवशिक्याने कोणती घ्यावी?"

मित्र कोण ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही. मी डबा आणून दाखवला. दुहेरी माप पडलं तर सांडते, म्हणून ही, असं सांगितलं. त्यांनी नाव फोनमध्ये टिपून घेतलं, डाव्या हाताने, कारण उजवा अंगठा त्या कामाचा राहिलेला नव्हता. मग फोनवरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "तुमची कधी सांडली का हो?"

त्या प्रश्नात छद्मीपणा नव्हता. माझ्यासमोर बसलेला साठीकडे झुकलेला माणूस फक्त एवढंच विचारत होता की या जगात तो एकटाच आहे का. त्याचं उत्तर देणं माझ्या हातात होतं आणि ते द्यायला काही लागणारही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, चहा संपवला, कप स्वतः सिंकमध्ये ठेवला आणि गेले. पुढे दारूचा विषय आमच्यात निघाला नाही. पॉटलकमध्ये ते आजही बोलतात, पण हल्ली मधेच थांबतात, कुणी काही म्हणतंय का ते बघतात. ते अजूनही मला वहिनी म्हणतात, मी भाऊजी म्हणते. त्यांच्याबद्दलची माझी तुच्छता काही गेली नाही. इतक्या वर्षांची सवय अशी जात नाही. फक्त आता ती येते तेव्हा एकटी येत नाही. तिच्या मागोमाग त्या दुपारचं ते एक "नाही" येतं, इतक्या सहज, इतक्या खात्रीच्या आवाजात म्हटलेलं, की जणू ते भाऊजींनीच म्हटलं असावं.