कवळीकाकूंची क्रूझर

कवळीकाकू हे नाव त्यांना गल्लीनं दिलं आणि त्यांनीही ते हसत घेतलं. उभा जन्म त्यांनी लोकांच्या कवळ्या करण्यात घालवला होता. दवाखान्यातून जबड्यांचे ठसे यायचे. पुढच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलाशी बसून काकू मेणात एकेक दात बसवायच्या, आणि तोंडाचं बोळकं झालेली माणसं पुन्हा चावून खायला लागायची. यजमान बसवर ड्रायव्हर. ते निवृत्त होऊन घरी बसले, तेव्हा कुठे आपली बायको दिवसभर काय करते हे त्यांना नीट दिसलं. एक दात केसभर उंच राहिला तर सगळा चावा बिघडतो, म्हणून ती तो उपसून पुन्हा बसवायची. ते बघताना काकांना कुठे हात लावायचीही भीती वाटे.

पुढे काकूंचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण कंप काही जाईना. एकदा एक कवळी हिरडीला टोचते म्हणून परत आली. काकूंनी ती घासूनपुसून नीट केली आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवून टाकलं, की यापुढे काम पाठवू नका. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मात्र नंतर त्या रिकाम्या टेबलाशी नुसत्याच बसून राहायच्या. काका चहा नेऊन ठेवायचे आणि तो तसाच निवायचा.

काकूंच्या धाकट्या भावाची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेली होती. निवृत्तीनंतर त्याला नवंच खूळ लागलं होतं. एके दिवशी तो लॅपटॉप काखोटीला मारून आला आणि ताईच्या टेबलावर उघडून बसला. त्यात जहाजं आखायचा एक प्रोग्राम होता. जहाजाची लांबी, रुंदी, तोफा, चिलखत, इंजिन कोणत्या सालच्या बनावटीचं, कोळसा किती, असे आकडे भरायचे. मग जहाज तरंगेल की नाही, किती वेगानं पळेल, लाटेत कितपत डोलेल, हे तो हिशेब करून सांगायचा. इंटरनेटवर अशा शौकिनांचा एक गट होता. प्रत्येकाचा एक काल्पनिक देश, आणि काळ शंभरावर वर्षांपूर्वीचा. वादळं आणि लढाया रचायला एक पंच होते, मूळचे गणिताचे प्राध्यापक. या खेपेला आखायची होती हलकी क्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौकांच्या पुढे धावत जाऊन शत्रूचा माग काढणारं चपळ जहाज. वजनाला मर्यादा होती, आणि इंजिन १९१० सालापुढचं चालणार नव्हतं.

भावाची क्रूझर दर वेळी कलंडायची. काकू शेजारी बसून बघत होत्या.

"अरे, वर एवढ्या तोफा मांडल्यास, खाली तोल कोण सांभाळणार?" त्या म्हणाल्या.

"मग तूच कर ना, ताई," म्हणून त्यानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि काकांशी गप्पा मारायला आत गेला. तो बाहेर आला तेव्हा काकूंचं जहाज तरंगत होतं. पळत मात्र नव्हतं. लॅपटॉप त्या घरीच राहिला.

त्यानंतर काका जहाजांच्या भाषेत पार बुडून गेले. तोफ वाढवली की वजन वाढतं, वजनानं वेग पडतो, वेगासाठी इंजिन मोठं करावं तर कोळशाला जागा उरत नाही. काकू एक आकडा बदलायच्या, सगळं तपासायच्या, पुन्हा बदलायच्या. कोळशाच्या कोठ्या त्यांनी दोन्ही बाजूंना घेतल्या, म्हणजे गोळा आलाच तर आधी कोळशात रुतेल. काका समोर बसून ऐकायचे. निम्मं डोक्यावरून जायचं, पण बायकोच्या आवाजात पुन्हा धार आली होती, आणि तेवढ्यासाठी ते वाटेल तितकं ऐकायला तयार होते.

क्रूझर तयार झाली आणि गटानं तोंडात बोटं घातली. दहा तोफा, भरपूर कोळसा, वर वेगही सगळ्यांत जास्त. पंचांनी तिला बिनबोभाट मान्यता दिली.

पुढच्याच आठवड्यात तिच्या जोडीचं दुसरं जहाज करायला काकू बसल्या आणि मध्येच पहिल्या क्रूझरचे आकडे उघडून बघायला लागल्या.

"अहो, माझं बोट चुकलं."

"तुझी बोट? ती तर वेगात पहिली आली ना?"

"बोट हो, हाताचं." त्यांनी ते वर धरून दाखवलं. "इंजिनाचं साल १९१० लिहायचं होतं. शून्याशेजारीच नऊ असतो. १९१९ झालंय. पुढच्या काळातलं हलकं इंजिन आपल्याला फुकटात मिळालं, म्हणून ती एवढी पळते."

भावाला फोन गेला. तो म्हणाला, पंचांच्याही लक्षात आलं नाही, तू कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस, कानाडोळा कर. हा तर नुसता खेळ आहे, असंही म्हणाला.

"खेळ आहे म्हणून तर," काकू म्हणाल्या. "पोटासाठी असतं तर एक वेळ विचार केला असता."

हे मात्र खोटं होतं. पोटासाठी करतानाही तिनं तसा विचार कधी केला नव्हता, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

काकूंनी गटाला चूक कळवली आणि इंजिनाचं साल सुधारलं. तशी क्रूझर एकदम जडावली. प्रोग्रामच्या अहवालात खाली एक ओळ आली : खलाशांची राहण्याची सोय दाटीवाटीची. तोफा ठेवायच्या तर ही ओळ गिळावी लागणार होती. भावानं तरुणपणी अशाच एका जहाजावर दिवस काढले होते. शेजाऱ्याचे पाय उशाशी घेऊन झोपायचो, असं तो सांगायचा. काकूंनी चार तोफा उतरवल्या. तेवढ्यानंही वेग पुरता सावरला नाही.

काल्पनिक समुद्रात काकूंच्या क्रूझरला शत्रू सापडलाच नाही. माग काढला तो दुसऱ्याच जहाजानं. मग पंचांनी वादळ आणलं. तोफांनी लगडलेली दोन जहाजं त्यात उलटली. काकूंची क्रूझर हळूहळू, डुलत, सगळ्या माणसांनिशी बंदरात परतली. निकालात ती जेमतेम मधोमध होती. काकांना वाईट वाटलं. काकूंना मात्र त्या वादळाचा अहवाल पुन्हा पुन्हा वाचायचा होता.

मग पंचांचा निरोप आला. पुढच्या फेरीपासून सगळ्यांची जहाजं मान्य करण्याआधी काकूंनी तपासून द्यावीत, असं गटातल्या सगळ्यांनीच सुचवलं होतं, आणि सुचवणाऱ्यांत पहिलं नाव भावाचं होतं.

आता खिडकीखालच्या टेबलावर परक्यांची जहाजं येतात. आकडा भरताना काकू बोट दाबतात, थांबतात, आणि मोठ्यानं वाचतात. समोर बसून काका तो पाठवणाऱ्याच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघतात. परवा त्यांनी विचारलं, की आता तुझं स्वतःचं काय चाललंय?

"कोळसा पुरवणारं जहाज करतेय," काकू म्हणाल्या. "त्या सगळ्या क्रूझर पळतात खऱ्या, पण भर समुद्रात त्यांना कोळसा कोण देणार, हे कुणाच्या डोक्यातच नाही."

"आणि तोफा किती?"

"एकही नाही. बघा पुढचा आकडा."