पोत्याच्या जागी

ती गाडी पहिल्यांदा गॅरेजात शिरली तेव्हा तिचे दिवे सकाळच्या चहाला आत आले आणि मागची चाकं जेवणाच्या सुट्टीला पोचली, एवढं तिचं नाक लांब! कानसेनने हात पुसले, केस सारखे केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. बायकोला पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा त्याने यातलं काहीएक केलं नव्हतं.

कानसेन हे गॅरेजने ठेवलेलं नाव. हा मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी नुसता कान देऊन रोग सांगायचा. गाडी एका कारखानदाराची; वयाने कानसेनच्या वडिलांएवढी, नखऱ्यांत त्यांच्याहून वरचढ. दर दोन वर्षांनी ती दुरुस्तीला यायची आणि दुरुस्तीनंतर लांबची चाचणी व्हायची. तीनशे किलोमीटरवरच्या दीपगृहापर्यंत जायचं, मुक्काम करून परत यायचं. मागच्या सीटवर माणसांऐवजी वाळूची तीन पोती. परकं माणूस बसवायचं नाही, हा गॅरेजमालकांचा नियम.

परत आला की कानसेन घरी वर्णन करी. शेवटच्या वळणावर समुद्र कसा एकदम अंगावर येतो, मागची सीट कशी लोण्यासारखी आहे. बायको विणता विणता ऐकायची. अशी सव्वीस वर्षं गेली. एकदा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी सोडून सगळी पोती समुद्र बघून आली."

ते वाक्य त्याच्या कानात बसलं. निवृत्तीआधीच्या शेवटच्या चाचणीला त्याने मालकांपुढे तोंड उघडलं, "एका पोत्याऐवजी ही आली तर? वजनाला वजन."

"येऊ देत वहिनी. पण पोतं बोलत नाही हो!"

निघताना कानसेनने बायकोला बजावलं, "अगं, वाटेत एक अक्षर काढायचं नाही. मला गाडी ऐकायचीय."

"ऐका. सव्वीस वर्षं तिचंच तर ऐकताय."

दोन पोत्यांशेजारी ती राणीसारखी बसली. शंभर किलोमीटर झाले आणि मागून आवाज आला. टिक, टिक, टिक. सपाट रस्त्यावर भरभर, खड्ड्यांत बंद. वेग कमी करून कान द्यावा तर शांत. कानसेनचा चेहरा पडला. मागच्या चाकांचा आस गेला! दोनदा तो गाडीखाली शिरून आला. दोन्ही वेळा बायको खिडकीतून काळजीने बघत होती, पण बजावलेलं होतं म्हणून गप्प. दीडशेव्या किलोमीटरला त्याने गाडी वळवली.

"समुद्र?" तिने अखेर तोंड उघडलं.

"आस तुटला तर समुद्र काय, घरही दिसायचं नाही."

गॅरेजात दोन दिवस मागचा आस खोलून ठेवला होता. सगळं चोख. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरी चहा पीत बसला होता आणि आतल्या खोलीतून आवाज आला. टिक, टिक, टिक. बायको स्वेटर विणत होती. सुया लोखंडी होत्या.

"गाडीतही विणत होतीस?"

"मग काय करणार? बोलायची बंदी. खड्ड्यांत टाके सुटायचे, तेव्हा थांबायची. तुम्ही हळू झालात की वाटायचं, आता काही बोलाल."

पुन्हा एक चाचणी मागायला कानसेन चप्पल न घालता गॅरेजकडे धावला. आस जोडून झाला होता. कारखानदाराने गाडी परदेशातल्या कुणाला विकली होती आणि सकाळीच ती ट्रकवर चढवून बंदराकडे नेली होती.

महिनाअखेर कानसेन निवृत्त झाला. स्वेटर त्याच्यासाठीच होता. बाह्या आखूड झाल्या, दीडशे किलोमीटरच्याच.