धुळ्याचं नाक

रहिमतपूरजवळच्या वाडीतला नाथाजी सुतार हातानं वाघ आणि जिभेनं ससा. दोरी ओढली की जबडा हलतो, डोळे गरागरा फिरतात, अशी बाहुली त्या मुलखात पहिल्यांदा केली ती त्यानंच. नांगर-कुळव करून पोट भरायचं आणि जत्रेत बाहुल्यांचा खेळ मांडायचा, हा त्याचा संसार.

बेचाळीसच्या चळवळीनंतर गावोगाव धाडी पडायला लागल्या. नाथाजीनं खेळात फौजदाराला चहाड्या सांगणारा खबऱ्या घातला. त्याला तोंड कुणाचं द्यावं? शेजारी धुळा धनगर राहायचा. गरीब माणूस, आपण बरं की आपली मेंढरं बरी. पण नाक असं बाकदार, की कोरणाऱ्याच्या हाताला खाज सुटावी! नाथाजीनं नाक उचललं, वर गालावरचा वणही उचलला. अरे बाबा, नाक घेतलंस ते घेतलंस, वण कशाला?

लोक पोट धरून हसले. मग कुणीतरी म्हणालं, "नाथाजीला ठावं असल्याबिगर धुळ्याचं थोबाड लावलं व्हय?" झालं! भूमिगतांचं नाव सांगत चार दांडगट आले. त्यांनी धुळ्याला वडाखाली पालथा पाडून तळव्यांवर काठ्या हाणल्या. कातडं फाटलं, घोटा फुटला, तरी थांबेनात.

"म्या काय बी केलं न्हाई रं!" धुळा गुरागत हंबरत होता. खरं काय ते गर्दीतल्या नाथाजीला ठाऊक होतं. पण काठी आपल्याकडं वळंल म्हणून मेल्याची दातखीळ बसली. धुळा पुन्हा नीट चालला नाही, आणि गावानं त्याला खबऱ्याच म्हटलं.

एकोणपन्नास साली सांगलीत संग्रहालय निघायचं ठरलं. तिथले साहेब नाथाजीच्या घरी आले. "सगळ्या बाहुल्या द्या. पहिला मान खबऱ्याला," म्हणाले. नाथाजीची छाती फुगली.

ते गेले आणि धुळ्याची बायको हरणाबाई कुऱ्हाड घेऊनच दारात आली. मागं काठी टेकत धुळा.

"आवं भावजी, गावात अब्रू गेली ती गेली. आता काचंत मांडून जलमभर दाखवणार व्हय?"

तिनं खबऱ्याच्या बाहुल्यावर घाव घातला. नाथाजीनं हात आडवा टाकला. दोन बोटं तुटून भुशात पडली, रक्ताची धार लागली. हरणाबाईच्या हातातली कुऱ्हाड गळली.

धुळा पुढं सरकला. "लाकडावर घाव आला तर लगीच हात घातलास, नाथाजी. माझ्या पायांवर काठ्या पडत व्हत्या तवा कुठं व्हता ह्यो हात?"

नाथाजीला रडू फुटलं, आणि ते बोटांसाठी नव्हतं. डाव्या हातानं त्यानं बाहुलं तिच्यापुढं ठेवलं. "तोडा, वैनी."

तिनं बाहुल्याच्या ढलप्या केल्या.

बाकीच्या बाहुल्या न्यायला गाडी आली, तेव्हा सारी वाडी गोळा झाली होती. साहेबांनी विचारलं, "खबऱ्या कुठाय?"

"खबऱ्या कवा न्हवताच, साहेब," नाथाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्यो धुळा व्हता. त्यानं काय बी केलं न्हवतं."