हिरालालभाऊंचा नकटा राजा

दसरा झाला आणि हिरालालभाऊ गेल्याची बातमी मला जळगावला मुलीकडे मिळाली. लगोलग धुळ्याची बस धरली. वाटभर मला हसूच येत होतं; शेजारच्या बाईंना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं! पण भाऊंची आठवणच तशी...

भाऊंची धुळ्यात सराफी पेढी, मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. साठच्या दशकात एकदा साक्रीकडून मोडीत आलेल्या जुन्या चांदीत त्यांना एक वेडंवाकडं नाणं सापडलं. दुकान सोडून ते थेट माझ्या दारात. “सर, हाऊ राजा कोठला शे? याले नाकच नही!” एका बाजूला मुकुटधारी राजा, दुसरीकडे चार खणांत किल्ले आणि सिंह. पुस्तकं धुंडाळली तेव्हा उलगडलं. नाणं मध्ययुगातल्या स्पेनचं. किल्ला म्हणजे कास्तील, सिंह म्हणजे लेऑन; दोन्ही राज्यं एकाच मुकुटाखाली. ते हातोड्यानं ठोकलेलं, घाव हलका बसला तिथे नाक उमटलंच नाही. सुरतेमार्गे इकडे आलं असावं. भाऊ हरखले. “इतका लांबून उना, आनि आम्ही त्याले गाळी टाकू?”

पण त्यांचे वडील, थोरले सेठजी, ऐकेनात. दिवाळीनंतर सगळी मोड मुशीत घालून गाळलीच पाहिजे, हा पेढीचा शिरस्ता. भाऊंनी विनवण्या केल्या, रुसूनही पाहिलं. शेवटी लक्ष्मीपूजनाला त्यांनी ते नाणं गुपचूप पूजेच्या ताटात सरकवलं. त्यांच्या आईंनी सिंह पाहिला, देवीचं वाहन म्हणून भरपूर हळदकुंकू वाहिलं. आरतीनंतर सेठजींचं लक्ष गेलं. पूजेतली चांदी त्या घरात कधी गाळत नसत. “आते गाळा!” भाऊ म्हणाले. सेठजींनी नाणं कपाळाला लावून जागेवर ठेवलं.

पुढे दर दिवाळीला मला बोलावणं असे. मी चिडवायचो, “अहो, या ख्रिस्ती राजाला कुंकू कसलं?” भाऊ गंभीरपणे म्हणायचे, “त्यानं काही तक्रार करी का, सर?”

यंदा त्यांच्याकडे दिवाळी नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्यांचा मुलगा एक डबी घेऊन आला. “आई म्हणे, राजानी पूजा चुकाले नको.” मी पूजेला कधीच बसत नाही. यंदा बसलो, राजाला कुंकू लावलं आणि भाऊंसाठी मनसोक्त रडलो. डबी परत द्यायची आहे. रोज कोट चढवतो... पण पाय निघत नाही.