शुक्रवारी बाबांना ऐकवलेली विश्वाची सुरुवात

त्या शुक्रवारचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

माझं काम काय, हे माहेरी, नारपोलीत कुणाला सांगायला गेलं की माझंच डोकं फिरतं. विश्व नुकतं जन्मलं तेव्हा सगळं इतकं तापलेलं आणि गच्च होतं की उजेडाला बाहेर पडायला वाटच नव्हती. म्हणून त्या वेळचं काहीच कुठल्याही दुर्बिणीला दिसत नाही. पण तेव्हा अवकाशच थरथरलं असेल, तर त्या गुरुत्वीय लहरी कुणालाही न जुमानता आरपार निघाल्या असतील, आजही येत असतील. अजून सापडलेल्या नाहीत. आम्ही शोधतोय. एवढं सगळं ऐकून शेजारची काकू विचारते, "मग पाऊस कधी येणार ते तरी सांग." कप्पाळ!

बाबा मात्र कधी असं काही बोलले नाहीत. ते पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. मी सांगायला लागले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे, मान डोलवायचे. इतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही, असे टोमणे मी नवऱ्याला मारायची. म्हणून एकच इच्छा होती, या लहरी सापडल्या तर कशा असतील ते बाबांना एकदा ऐकवायचं. लहर म्हणजे काही आवाज नव्हे, पण अंदाज बांधून त्या थरथरीचा संगणकावर आवाज करता येतो. नुसती खरखर असते, एकसारखी.

शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी, सगळे लूम बंद. एरवी भिंती हादरतात, त्या दिवशी कावळा ओरडलेलाही कळतो. मी मुलीला घेऊन आले होते. बाबांना पलंगावर बसवलं, माझे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि सांगितलं, "डोळे मिटा. ऐकू आलं की सांगा."

सुरू केलं आणि हात्तिच्या, हेडफोनची बॅटरी उतरलेली! खरखर सगळी लॅपटॉपमधून, तीही फुल आवाजात. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं ए, काय पेटवलंस तिथं?"

बाबा डोळे मिटून हसत होते. "येतंय," म्हणाले. "बारीक हाय, पण येतंय. लय लांबून येतंय गो."

मला हसू फुटलं. बाबा एक नंबरचे नाटकी, म्हटलं चालू दे. तेवढ्यात मुलगी कानांवर हात ठेवून धावत आली, त्यांच्या पाठीशी उभी राहून किंचाळली, "आजोबा, बंद करा ना!" बाबा तसेच हसत. मी खरखर बंद केली. घर एकदम शांत झालं.

"अजून येतंय," बाबा म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा," मी म्हणाले. मग ओरडले. त्यांचे डोळे मिटलेलेच. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उघडले, माझं तोंड बघितलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

लूमवाल्यांची रीतच आहे, कारखान्यात कान कुणी वापरत नाही. ओठ बघायचे, हातवारे करायचे. घरीही आमच्याकडे सगळे समोर येऊन, तोंड मोठं उघडून बोलतात. मागून हाक मारायची सवयच नाही, खांद्याला हात लावायचा. अशा घरात माणूस ठार बहिरा झाला तरी कळणार कसं? आईलाही माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी हातात उलथनं घेऊन ती दारात उभी, "काय बोलतेस तू?" एवढंच पुन्हापुन्हा विचारत राहिली.

"कधीपासून?" रागानं माझा आवाज फाटला होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोचणार थोडाच!

"आधी फोन गेला. मग हळूहळू तुम्ही सगळे," बाबा म्हणाले. "जॉबरला ऐकू येत न्हाय म्हटल्यावर शेठ ठेवंल काय?"

"अहो, पण मला तरी सांगायचं ना!"

"तू येवढं सांगत बसायचीस," ते म्हणाले. "थांबली असतीस."

मुलगी आमच्यामधून घुसून त्यांच्या मांडीवर चढली आणि बडबडायला लागली. व्हिडिओ कॉलवर ती त्यांना गाणी म्हणून दाखवायची, ते टाळ्या वाजवायचे. आता बाबा तिचे हलणारे ओठ बघत राहिले. मग मला विचारलं, "हिचा आवाज कसा हाय गो?"

कुणीच कधी न ऐकलेल्या लहरी कशा असतील, हे सांगण्यात माझं आयुष्य चाललंय. मी तोंड उघडलं. बाबा माझ्या ओठांकडे बघत थांबले, आणि मला एक शब्द सुचेना.