टिचबटणाची पट्टी आणि माझ्या अडचणी

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात वायर फेकायची पद्धत नाही. मोबाइल मरतो, चार्जर राहतो. टीव्हीमागं असा गुंता साठला होता की त्यात हात घालायची हिंमत फक्त मी करायचो, आणि हमखास भलतंच काहीतरी बंद पडायचं.

मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या गटाला रोजच्या वापराची एक साधी वस्तू बनवायची होती. त्यांनी विषय घेतला वायरींचा गुंता, आणि नमुना म्हणून निवडलं आमचं घर. एवढा मान मला ऑफिसातही कधी मिळाला नाही.

चौघं संध्याकाळी यायची. आधी त्यांनी पुठ्ठ्याची पेटी केली. तिच्यात लॅपटॉपच्या चार्जरचा ठोकळा मावेना. मग बायकोनं ब्लाउजची टिचबटणं काढून दिली आणि जाड कापडाची पट्टी तयार झाली. वायर गुंडाळायची, पट्टी फिरवायची, टिच्च! वापरून बघायचं काम माझ्याकडं आलं.

"काका, अडचण आली की सांगा. आम्ही येऊन सुधारतो."

हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

आधी मला बटण चष्म्याशिवाय दिसेना. त्यांनी लाल बटण लावलं. मग पट्टी लांब वाटली, मग आखूड. दर अडचणीला चौघं हजर, चहा, बायकोच्या हातचा चुरमुऱ्यांचा सुशीला आणि हॉलभर भांडणं. एरवी खोलीचं दार लावून बसणारी मुलगी माझ्या पायाशी सतरंजीवर बसून माझंच म्हणणं लिहून घ्यायची.

एकदा मी म्हणालो, "पट्टीचा रंग पडद्याला जुळत नाय."

तिनं कात्री खाली ठेवली. "पप्पा, अडचण सांगा म्हणलं होतं, पैदा करा नाय."

"काकांना नापासच करावं लागतंय," तिचा मित्र म्हणाला.

"करा की! अजून वर्षभर येताल," स्वयंपाकघरातून बायको.

सगळे हसले. मुलगी तेवढी माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उद्या सादर करायचंय, पप्पा. वापरणाऱ्यानं ठीक म्हणल्याशिवाय सर घेत नायत."

"लई झकास झालीय," मी म्हणालो. "काहीच अडचण नाय."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कुणी आलं नाही. ती पास झाली, नोकरीला पुण्याला गेली. टीव्हीमागच्या वायरी आता प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारख्या शिस्तीत असतात. बघवत नाही.

गेल्या रविवारी बायको म्हणाली, "पोरीला फोन करून सरळ ये म्हणा की. किती येरझाऱ्या घालताल?"

"कामात असंल ती."

"रविवारी?"

लावला फोन. 'ये' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "जेवलीस का?"

"व्हय. तुम्ही?"

"व्हय."

विषय संपला. पण फोन तिनंही ठेवला नाही, मीही नाही. तेवढ्यात तिकडं कुकरची शिट्टी झाली. म्हणजे जेवली नव्हती. मी तरी कुठं जेवलो होतो!