भिंतीला टेकून बसलेले आप्पा

दिवाळी तोंडावर आली असताना सेलूच्या बसमधून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितले, "आप्पा गेले. झोपेतच." मी मान खाली घातली, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरे झाले, पाऊस संपल्यावर गेले... आप्पांना ओळखणाऱ्यांना यात वावगे वाटणार नाही.

आप्पा हैदराबादेत रसायनशास्त्र शिकले, तेही उर्दूतून. तिथल्या प्रयोगशाळेत चुना आणि माती यांवर त्यांचे संशोधन चालू होते. भाषावार प्रांत झाले तेव्हा बरोबरीचे लोक तिथेच राहिले; आप्पा सेलूला परतले, शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि घरामागच्या पत्र्याच्या छपरीत संशोधन पुढे नेले. प्रश्न एकच होता. आमची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिची भिंत टिकावी कशी? सिमेंट परमिटवर मिळे, आणि परमिट कुणाला मिळे हे वाचकांना मी सांगायला नको. गरिबाच्या लेकरांनी झाडाखाली शिकायचे, हा कुठला न्याय? मी त्यावर पत्रके काढत होतो. आप्पा ठोकळे पाडत होते.

मातीत चुना मिसळून केलेला एक ठोकळा त्यांच्या घंगाळात कायम बुडवलेला असे. सकाळी लिंगपूजा आटोपली की कपाळावरच्या ओल्या विभूतीनिशी ते तिथे उकिडवे बसत आणि अंगठ्याचे नख ठोकळ्यात रुतवून पाहत. रुतले की ठोकळा बाद, मिश्रण नवे. त्या नखाखालचा काळेपणा कधी गेलाच नाही.

शेवटी पूर्णेकाठच्या एका गावाने शाळेच्या खोलीसाठी हे ठोकळे करायचे ठरवले. चुन्याचा ठोकळा ओल्या गोणपाटाखाली ठेवला तरच घट्ट होतो. आप्पा तापाने पडले, तेवढ्यात गावातल्या बायांनी मायेने सगळे ठोकळे उन्हात मांडले, कच्ची वीट वाळवतात तसे. सगळ्यांचा भुगा झाला. मी पेटलो, आप्पा हसले. "त्यांचं काय चुकलं? मी सांगायला पायजे होतं." माती पुन्हा मळली गेली.

खोली उभी राहिली, पण मातीची भिंत पावसात पडेल या भीतीने आईबाप लेकरे पाठवेनात. श्रावणात झड लागली. आप्पांचे हृदय तोवर थकले होते, डॉक्टरांनी घर सोडू नका म्हणून बजावले होते. ते बैलगाडीतून गावात गेले आणि पाऊस झोडपत होता त्याच भिंतीला आतून पाठ टेकून बसले. लोकांना समजावणारे पत्रक काढतो, असे मी म्हणालो.

"तुझ्या पत्रकानं भिंत उभी राहत न्हाई, बाबा. पडली तर आधी माझ्यावर पडंल. बसू दे."

झड संपेपर्यंत ते दिवसभर तिथेच बसत. लोक दारातून डोकावून जात. एका बाईने विचारले, "मास्तर, भ्या न्हाई वाटत?"

"लय वाटायलंय. म्हणून तर बसलोय."

उघडीप पडली, तेव्हा भिंत जागच्या जागी होती. त्याच बाईने आपली पोर आत ढकलली, "जा, मास्तरापाशी बस." तरी आप्पा निकाल सांगेनात. परतीचा पाऊसही सरला, तेव्हा कुठे त्यांनी घंगाळातले पाणी ओतून दिले. "झाला तजुर्बा पुरा," म्हणाले; प्रयोगाला ते हाच उर्दू शब्द वापरत. त्यानंतर त्यांना गाढ झोप लागू लागली, असे त्यांच्या घरचे सांगतात.

परवा त्या शाळेत गेलो. लेकरे पाढे म्हणत होती. आप्पा बसत तिथे भिंतीवर त्यांच्या पाठीचा पुसट डाग आहे. मी खाली बसलो, अंगठ्याचे नख भिंतीवर दाबून पाहिले... नख मोडले. मग मीही पाठ टेकली.